हौशी मासेमारीवर स्वयंसेवकांची गस्त: पथक कसं उभारायचं, कसं चालवायचं

गळ टाकून बसलेल्या माणसाला नियम मोडायचाच असेल, तर तो दंडाची रक्कम आठवत बसत नाही. आजूबाजूला कोणी बघतंय का, एवढंच तो पाहतो. जबर शिक्षेपेक्षा पकडलं जाण्याची खात्री माणसाला जास्त आवरते, हे गुन्ह्यांचा अभ्यास करणारे फार पूर्वीपासून सांगत आलेत. मत्स्य खात्यांकडे नेमकी हीच खात्री कमी असते. अधिकारी मोजके, पाणवठे असंख्य, आणि हौशी मासेमार येतो तो पहाटे, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कचेरी बंद असते तेव्हा. ही पोकळी स्वयंसेवक भरून काढू शकतात. पण त्यांची ताकद डोळ्यांत आणि नोंदवहीत आहे, हाताच्या बळात नाही. पथक बांधताना प्रत्येक निर्णय हे धरूनच घ्यायचा.

आधी अधिकाराची रेघ ओढा

जगभर स्वयंसेवकांचे साधारण तीन प्रकार दिसतात. काही फक्त समजावतात: ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधले ‘फिशकेअर’ स्वयंसेवक काठावर फिरून नियम सांगतात, मोजपट्ट्या वाटतात, कारवाई करत नाहीत. काही बघतात आणि कळवतात: इंग्लंडमध्ये अँगलिंग ट्रस्ट ही गळवाल्यांची संघटना आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी संस्था मिळून चालवत असलेल्या योजनेतले स्वयंसेवी बेलिफ, म्हणजे पाणवठ्यांचे राखणदार, या गटातले. तिसरा गट अधिकारपत्रधारकांचा. न्यूझीलंडमध्ये १९९६च्या मत्स्य कायद्याखाली मानद मत्स्य अधिकारी नेमले जातात. ते गणवेशात असतात आणि लोकांची पकड, म्हणजे धरलेले मासे, तपासू शकतात.

नव्या पथकाने पहिल्या दोन गटांतच राहावं, निदान एक पूर्ण हंगाम तरी. अधिकारपत्र आलं की त्यामागे प्रशिक्षण, तक्रारींची चौकशी, कोर्टाच्या तारखा हे सगळं येतं. ज्या पथकाला अजून गस्तीचा तक्ता पाळता येत नाही, त्याला हे ओझं झेपत नाही.

रेघ कुठेही ओढा, ती लेखी हवी. खात्याशी होणाऱ्या करारात स्वयंसेवक काय करू शकतो यापेक्षा काय करू शकत नाही ते आधी लिहा. पिशवी उघडणं, मासे जप्त करणं, ओळखपत्र मागण्याची सक्ती, वाट अडवणं, दंड घेणं, हे सगळं त्या यादीत यायला हवं. पुढे अपघात विमा कोण काढणार, बोट वापरली तर तोच विमा लागू होतो का, प्रवासखर्च कसा मिळणार, नोंदी कोणाच्या मालकीच्या आणि किती दिवस ठेवायच्या, हेही ठरवा.

आणि एक प्रश्न तोंडावर विचाराच: रविवारी रात्री ११ वाजता फोन केला तर उचलणार कोण? उत्तर ‘कोणी नाही’ असेल तरी पथक चालवता येतं, पण मग ते निरीक्षणाचंच पथक आहे हे स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी सांगा. मदत येईल या भरवशावर अंधारात थांबून राहिलेली जोडी हा या कामातला सर्वांत टाळता येण्याजोगा धोका आहे.

माणसं निवडताना

सर्वांत उत्साही उमेदवार बहुधा सर्वांत अडचणीचा असतो. ‘त्या लोकांना एकदा धडा शिकवायचाय’ असं जो मुलाखतीत म्हणतो, त्याला घेऊ नका. ज्याचं त्या पाण्यावर कोणाशी जुनं भांडण आहे किंवा जो तिथे मासेमारीच्या सहली विकतो, त्याला निदान त्या पाण्यावर तरी नेमू नका. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि मासेमारीचा जुना गुन्हा नावावर आहे का तेही विचारा.

गळ टाकण्यात पटाईत असणं ही अट ठेवण्याची गरज नाही. शांत बोलणारा, नेटकं लिहिणारा आणि ‘नाही’ ऐकून घेऊ शकणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. पाण्यावर येणारे लोक ज्या भाषा बोलतात त्या बोलणारे स्वयंसेवक मुद्दाम शोधा. नियम न कळल्यामुळे होणारं उल्लंघन पुष्कळ असतं आणि ते एका वाक्यात मिटतं, फक्त ते वाक्य समोरच्याच्या भाषेत हवं.

शस्त्र नाही, दारू नाही, गस्तीवर असताना स्वतःचा गळ नाही, आणि गस्तीतलं काहीही सोशल मीडियावर नाही, या चार अटींवर सही घ्या. चौथी अट सर्वांत जास्त मोडली जाते. ‘हा बघा चोर’ म्हणून टाकलेला फोटो केस बिघडवतो आणि उलट बदनामीचा दावा ओढवून घेतो.

प्रशिक्षण: मासा ओळखणं आणि मोजणं

एक दिवस वर्गात, अर्धा दिवस प्रसंगांचा सराव आणि त्यानंतर जुन्या माणसाबरोबर तीन गस्ती, एवढं झाल्याशिवाय ओळखपत्र देऊ नका. वर्गातला बराच वेळ कायद्याच्या कलमांवर खर्च होतो आणि मोजमाप मागे पडतं. खरं तर काठावरचे वाद मोजमापावरूनच जास्त होतात.

नियमात लांबी म्हटलं की ती कोणती हे आधी पाहा. एकूण लांबी म्हणजे बंद तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. शेपटी चिमटीत जुळवून धरायची की मोकळी ठेवायची, हेही ठिकठिकाणच्या नियमांत वेगळं असतं. बेचकी लांबी म्हणजे शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतच. दोन्हींत सहज काही सेंटिमीटरचा फरक पडतो आणि चुकीची लांबी मोजणारा स्वयंसेवक निर्दोष माणसाला दोषी ठरवून बसतो.

मासा सपाट फळीवर कुशीवर ठेवायचा, तोंड फळीच्या उभ्या कडेला टेकवायचं, टेप पोटावरून फिरवायचा नाही. पोटाच्या गोलाईवरून टेप गेला की मासा कागदावर लांब होतो. मेलेला मासा बर्फात ठेवल्यावर किंवा गोठवल्यावर थोडा आखडतो, हेही लक्षात ठेवा. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या माशाबद्दल वाद घालू नका, फक्त नोंद करा.

खेकड्याचं कवच बहुतेक ठिकाणी रुंदीत मोजतात. शेवंडीचं काही ठिकाणी डोळ्याच्या खोबणीमागून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजतात. काट्यांसकट मोजायचं की काटे सोडून, हे नियमातच शोधा. अंडी धरलेली मादी सोडून देण्याचा नियम असेल, तर पोटाखालचा अंड्यांचा झुबका नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत कुठल्याही रंगाचा असू शकतो. काहीजण अंडी खरवडून टाकतात. तसं केलं की पोटाखालच्या पायांवरचे बारीक केस तुटलेले, विस्कटलेले दिसतात. हे ओळखणं अधिकाऱ्याचं काम आहे, पण शंका आली तर जवळून फोटो घेता आला पाहिजे.

काही पाण्यांवर किमान मापाबरोबर कमाल मापही असतं: ठरावीक पट्ट्यातलाच मासा ठेवायचा, त्याहून लहान किंवा मोठा सोडायचा. सर्वांत जास्त गोंधळ इथे उडतो, कारण मोठा मासा सोडायचा हे लोकांच्या गळी उतरत नाही. कारण सांगता आलं पाहिजे. बऱ्याच जातींत मोठी मादी नुसती जास्त अंडी देते असं नाही, तिच्या वजनाच्या मानानेही जास्त देते. हे ऐकल्यावर पुष्कळ लोक मासा स्वतःहून सोडतात.

संख्येच्या मर्यादेतही खाचा आहेत. दिवसाची मर्यादा वेगळी, आणि घरातल्या फ्रीजसकट जवळ बाळगण्याची मर्यादा वेगळी असू शकते. तीन जणांची पकड एकाच बादलीत असेल तर कोणाचे किती हे सांगणं अवघड होतं, म्हणून प्रत्येकाने वेगळी पिशवी ठेवावी असं सुचवत राहा. काठावरच मासा कापून तुकडे केले की जात आणि माप दोन्ही कळेनासं होतं. अनेक ठिकाणी डोकं-शेपटी शाबूत ठेवण्याचा किंवा कातडी न काढण्याचा नियम असतो तो याचसाठी.

परीक्षा सोपी ठेवा: एकसारख्या दिसणाऱ्या जातींचे २० फोटो, १८ बरोबर आले तर पास. संरक्षित जातीच्या बाबतीत मात्र एकही चूक चालणार नाही.

गस्त आखताना

नेहमी जोडीने. एकट्याची गस्त नको, कितीही ओळखीचं पाणी असलं तरी. एक बोलतो, दुसरा दोन-तीन मीटर बाजूला उभा राहून आजूबाजूला लक्ष ठेवतो. दोन ते तीन तासांची एक गस्त पुरे. त्यापुढे लक्ष विरतं आणि नोंदी आळसावतात.

ठिकाण आणि वेळ ठरवण्यासाठी फासा वापरा. सहा ठिकाणं, सहा वेळा, दोनदा फासा टाकायचा. खेळ वाटेल, पण माणसाने ठरवलेलं वेळापत्रक नकळत शनिवार सकाळ आणि गाडी लावायला सोपी जागा यांकडे झुकतं, आणि नियम मोडणाऱ्यांना ते चार आठवड्यांत पाठ होतं. गर्दीच्या किंवा जोखमीच्या वेळा, म्हणजे बंदी काळाचा पहिला आठवडा, शेवटचा आठवडा आणि अंधार पडतानाचा तास, फाशावर दोनदा लिहून त्यांचं पारडं जड करा. वेळापत्रक फक्त समन्वयकाकडे असावं. जोडीला आदल्या संध्याकाळी कळवलं तरी चालतं.

सोबत काय न्यायचं: शिवलेली, पानांवर क्रमांक असलेली वही आणि पेन्सिल (ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही), मोजफळी, वाटायला मोजपट्ट्या आणि नियमांचे पत्रक, दुर्बीण, डोक्याला बांधायचा दिवा, शिट्टी, प्रथमोपचार पेटी, पॉवर बँक, पाणी. १५ ते २० मीटरची फेकदोरीची पिशवी घ्याच. पाण्यात पडलेल्याला काठावरून मदत करण्यासाठी ती लागते, आणि पडणारा बहुधा गस्तवाला नसतो. बोटीवर किंवा निसरड्या खडकांवर जीवरक्षक जॅकेट अंगात हवं, पिशवीत नको. दुर्बीण दिवसासाठी ८×४२ ठीक, संधिप्रकाशासाठी ७×५० बरी, कारण तिच्यातून डोळ्यात जास्त प्रकाश येतो.

निघताना समन्वयकाला मार्ग आणि परतायची वेळ सांगा, दर तासाला संदेश पाठवा. संदेश चुकला की ३० मिनिटांनी समन्वयक फोन करतो. दोघांचेही फोन लागले नाहीत तर पोलिसांना कळवतो. हे कागदावर सगळेच लिहितात. खरी चाचणी म्हणजे महिन्यातून एकदा मुद्दाम संदेश न पाठवता फोन येतो का ते बघणं.

काठावरचं बोलणं

पोहोचल्यावर लगेच पुढे होऊ नका. १० ते १५ मिनिटं लांबून बघा: किती माणसं, किती गळ, मासा लागला की तो कुठे जातो, बादलीत की झुडपामागच्या पिशवीत. मग समोरून, दिसेल असं चालत जा. पाठीमागून गेलात तर माणूस दचकतो, आणि रॉड मागे घेऊन फेकणाऱ्याच्या गळात अडकण्याची भीती असते ती वेगळीच. काळा चष्मा काढा. समोरचा मासा ओढत असेल तर तो ओढून होऊ द्या.

पहिलं वाक्य चौकशीचं नको. ‘नमस्कार, आज काही लागलं का?’ एवढं पुरतं. लगेच स्वतःची ओळख: ‘आम्ही मत्स्य खात्याचे स्वयंसेवक. तपासणीचा अधिकार आम्हाला नाही, नियमांची माहिती द्यायला फिरतो.’ अधिकार नाही हे आपणहून सांगितलं की समोरचा बहुधा सैलावतो. अनेक स्वयंसेवकांना मात्र हे वाक्य कमीपणाचं वाटतं आणि ते गाळतात. सरावात हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या.

माप घ्यायची वेळ आली तर फळी त्याच्या हातात द्या, मासा त्यालाच मोजू द्या. दुसऱ्याच्या माशाला हात लावायचा नाही. मासा जिवंत असेल आणि सोडायचा असेल तर ओल्या हाताने धरा, कल्ल्यात बोट घालू नका, एवढं सांगता येतं. मुलं एकटी असतील तर नियम सांगून पत्रक द्या. त्यांचं नाव, पत्ता, फोटो काहीही घेऊ नका.

आवाज चढला तर उत्तर द्यायचं नाही. ‘बरं, आम्ही निघतो’ म्हणायचं आणि खरंच निघायचं. समोर दारू दिसली, हातात सुरी ठेवूनच माणूस बोलतोय, किंवा माणसं भोवती जमू लागली, तर तेवढंही म्हणायची गरज नाही. सरावात या प्रसंगाला अर्धा वेळ द्या, कारण माघार घेणं हे कोणालाच आपसूक जमत नाही.

पोटासाठी मासे धरणारा आणि हौशी यांतला फरकही शिकवा. दोघांना वेगळे नियम असू शकतात, आणि साध्या कपड्यांतला, हाताने तंगूस टाकणारा माणूस आपोआप संशयित ठरत नाही. एका हंगामाच्या नोंदी काढून कोणाशी किती बोललो ते तपासा. महागड्या रॉडवाल्यांकडे पथक फिरकतच नाही असं दिसलं, तर ते बैठकीत उघड मांडा.

उल्लंघन दिसलं तर

न कळत झालेलं किरकोळ उल्लंघन: समजावा, मासा जिवंत असेल तर सोडायला सुचवा, नोंद करा. जाणूनबुजून किंवा पुन्हा केलेलं: बोलण्यात वेळ न घालवता बाजूला होऊन अधिकाऱ्याला कळवा. स्फोटकं, विष, वीज, बंदी क्षेत्रातली जाळी, हौशी म्हणून धरलेल्या माशांची विक्री: जवळ जायचंच नाही. वीज सोडलेल्या पाण्यात पाय टाकला तर स्वयंसेवकच मरू शकतो. विषाने तरंगलेले मासे उघड्या हाताने उचलायचे नाहीत. स्फोटकांच्या जागी न फुटलेला माल पडलेला असू शकतो.

मासे परत पाण्यात फेकणं, जाळं फाडणं, गाडीसमोर उभं राहणं, हे रागाच्या भरात होतं. त्यातून पुरावा जातो आणि मारहाणीची किंवा मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार स्वयंसेवकावर येते. बेवारस जाळं दिसलं तरी ओढू नका. जागा नोंदवा, फोटो काढा, कळवा. ते परवानाधारकाचं असू शकतं, किंवा अधिकारी त्याच्या मालकाची वाट बघत दबा धरून असू शकतो.

फोनवर सांगायचा क्रम पाठ असावा: जागा, आत्ता काय चाललंय, किती माणसं, गाडी किंवा बोट आणि तिचा क्रमांक, कोणत्या दिशेने निघालेत, धोका आहे का, आणि शेवटी तुमचं नाव. लोक उलटं सांगतात, स्वतःपासून सुरू करतात, आणि जागेचा पत्ता येईपर्यंत फोन तुटतो.

टिकणारी नोंद

‘दोघेजण बेकायदा मासेमारी करत होते’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या काहीच कामाचं नाही. ‘१८:४२. धक्क्याचं उत्तर टोक. हिरवी टोपी, साधारण ४० वर्षांचा पुरुष. १५ मीटरवरून दुर्बिणीतून पाहिलं. १८:४२ ते १९:०५ दरम्यान सहा मासे पांढऱ्या बादलीत टाकले. उजेड पुरेसा’ हे कामाचं आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहा, जे वाटलं ते वेगळ्या ओळीत ‘अंदाज’ म्हणून लिहा. अंतर आणि उजेड लिहिलाच पाहिजे, कारण उलटतपासणी तिथूनच सुरू होते. चूक झाली तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही. खाडाखोड नको, पान फाडणं तर नकोच. जोडीतल्या दोघांनी त्याच दिवशी, एकमेकांची वही न बघता लिहावं. शब्दाला शब्द जुळणाऱ्या दोन नोंदींवर कोणी विश्वास ठेवत नाही.

फोटो तीन टप्प्यांत घ्या: आधी परिसर ओळखू येईल असा लांबचा, मग माणूस आणि साधनं दिसतील असा, मग मोजपट्टी शेजारी ठेवून जवळचा. फोटोंसाठीही मोबाइल स्वतःच्या हातात, सार्वजनिक जागेत उभं राहून. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, मोबाइलचा जीपीएस एरवीही त्याहून नेमकं सांगत नाही. मूळ फाइल फोनमधून हलवू नका. फोटो म्हणून व्हॉट्सअॅपने पाठवला की तो लहान होतो आणि वेळ-जागेची आतली माहिती निघून जाते. मूळ फाइल अधिकाऱ्याने थेट उतरवून घ्यावी.

ज्यांनी काहीच चूक केली नाही त्यांची नावं, परवाना क्रमांक, गाडीचे क्रमांक लिहूनच घेऊ नका.

आकडे वाचताना

काहीच न सापडलेल्या गस्तीचाही फॉर्म भरा. ‘आज काही नव्हतं’ म्हणून तो सोडला, की वर्षअखेरीस फक्त उल्लंघनांचा ढीग उरतो आणि तो कशाशी ताडून पाहायचा ते कळत नाही. गस्तीचे तास, भेटलेली माणसं (रॉड नव्हे) आणि उल्लंघनं, हे तीन आकडे पुरेत. तक्रारी वाढल्या म्हणजे नियम जास्त मोडले जातात असं नसतं. गस्ती दुप्पट झाल्या तर तक्रारीही वाढणारच. म्हणून १०० माणसांमागे किती उल्लंघनं, हा आकडा बघा.

‘एकही सापडलं नाही’ यावरही खूश होऊ नका. ३० माणसं तपासून शून्य आलं तर खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३ला तपासलेल्यांच्या संख्येने भागलं की साधारण ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. ३०० माणसांत शून्य आलं तर ती मर्यादा एका टक्क्यावर येते. अर्थात गस्त कुठल्याही वेळी, कुठल्याही जागी जात असेल तरच हा हिशोब लागू पडतो.

पथक का विरतं

थकव्याने क्वचित, उत्तर न मिळाल्याने बहुधा. स्वयंसेवकाने कळवलेल्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक मिळावा आणि सात दिवसांत एक ओळ परत यावी: गेलो होतो, कोणी नव्हतं, ताकीद दिली, केस चालू आहे, तपशील देता येत नाही. यातलं काहीही चालतं. महिन्यातून एक गस्त अधिकाऱ्याने पथकाबरोबर करावी. त्यातून चुकीच्या सवयी लवकर दिसतात, आणि ओळखीच्या माणसाचा फोन अधिकारी उचलतोही.

पथक सोडणाऱ्याकडून ओळखपत्र, जॅकेट आणि वही त्याच आठवड्यात परत घ्या, संदेशांच्या गटातून त्याचा नंबर काढा. जुनं जॅकेट घालून कोणी काठावर पैसे मागितले, तर निस्तरावं पथकालाच लागतं. आणि एखाद्या ठिकाणी गस्ती वाढवूनही तेच उल्लंघन होत राहिलं, तर आणखी माणसं पाठवण्याआधी तिथला फलक जाऊन बघा. त्यावर गेल्या हंगामाचं माप लिहिलेलं असणं, किंवा गाड्या लावतात त्याच्या उलट बाजूला तो असणं, हे नेहमीचं आहे.